तापलेल्या इंजिनाची नाडीपरीक्षा

वसईच्या पश्चिमेस समुद्रकाठाने आगाशी, निर्मळ, नंदाखाल, गिरीज अशी गावे एकमेकांना बिलगून वसलेली आहेत. येथील वाड्यांत विहिरी आहेत, आणि बावखलेही आहेत. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरविण्यासाठी पूर्वजांनी खणून ठेवलेले गोड्या पाण्याचे तळे. या पाण्यावर केळी, पालेभाज्या, विड्याची पाने, मोगरा आणि सोनचाफा पिकतो, आणि तो माल पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात जात आला आहे. सोनचाफ्याचे फूल मोठे नाजूक. दादरच्या फूलबाजारात ते पहाटे पोहोचले, तर त्याला भाव येतो. उन्हे डोक्यावर आल्यावर पोहोचले, तर टोपली तीच, पण तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

अशा मालाने भरलेला एखादा जुना टेंपो महामार्गाच्या कडेला उभा असलेला तुम्ही कधीतरी पाहिला असेल. पुढून वाफेचे लोट निघत आहेत, चालक हातात पाण्याचा डबा घेऊन हताशपणे उभा आहे, आणि मागे ताडपत्रीखाली भाजी कोमेजत आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "गाडी गरम झाली." हे म्हणणे खरे असले, तरी ते अपुरे आहे. ताप आलेल्या माणसाला वैद्य "तुला ताप आला आहे" एवढेच सांगून घरी पाठवीत नाही. ताप हे लक्षण. रोग निराळाच असतो. इंजिनाचेही तसेच आहे. ते का तापले, हे शोधून काढण्याची एक रीत आहे, आणि ती रीत फार मजेची आहे.

ती समजण्यासाठी आधी हे पाहिले पाहिजे, की डिझेल इंजिनात मुळी आग लागते कशी. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1897 साली आपले यशस्वी इंजिन जगापुढे मांडले. त्याची कल्पना अशी होती, की हवा पुरेशी दाबली म्हणजे ती आपोआप तापते. मग तिच्यात इंधनाचा फवारा सोडला, की ठिणगीवाचून ते पेट घेईल. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड गरम लागते, ते तुमच्या ध्यानात आले असेल. तोच हा नियम. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या वर येतो आणि हवेला तिच्या मूळ जागेच्या सुमारे विसाव्या हिश्शात कोंबतो. त्यासरशी ती हवा पाचशे अंश सेल्सियसच्याही वर तापते. डिझेल पेटल्यानंतर तर आतील वायूंचे तपमान क्षणभर दोन हजार अंशांच्या आसपास जाते. आता हे लक्षात घ्या, की ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, आणि पुष्कळ इंजिनांचे दट्टे याच धातूच्या मिश्रणाचे असतात! लोखंडदेखील 1538 अंशांना वितळते. ज्या भट्टीत धातू वितळावा, त्या भट्टीच्या भिंती धातूच्याच आहेत, आणि तरीही त्या वर्षानुवर्षे टिकतात. हा चमत्कार पाण्याचा आहे.

सिलिंडरांच्या भिंती पोकळ असतात, आणि त्या पोकळीतून पाणी सतत फिरत असते. डिझेल जळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळपणे एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो, आणि जवळजवळ तेवढाच भाग या पाण्याला पोटात घ्यावा लागतो. तो किती असेल, याची कल्पना यावी म्हणून एक लहानसा हिशेब करू. साठ अश्वशक्तीचा टेंपो पूर्ण जोर लावून चढ चढत असेल, तर पाण्यात शिरणारी उष्णता सुमारे चाळीस किलोवॅट असते. घरात स्नानाचे पाणी तापविणारी विजेची शेगडी दोन किलोवॅटची असते. म्हणजे अशा वीस शेगड्या एकाच वेळी पेटविल्यासारखे झाले. इंजिनात दहा लिटर पाणी असले आणि ते थंड करण्याची काहीच सोय नसली, तर तीस अंशांचे ते पाणी सव्वा मिनिटात उकळू लागेल. पाण्याचा डबा घेऊन उभ्या असलेल्या चालकाच्या श्रमाला किती अर्थ आहे, हे यावरून कळेल. पाणी ओतणे हा उपाय नव्हे. ओतलेल्या पाण्याची उष्णता हवेत गेली पाहिजे.

ते काम रेडिएटरचे. गाडीच्या पुढच्या जाळीआड बारीक नळ्यांची एक चौकट असते. नळ्यांतून गरम पाणी वाहते, नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांमधून वारा वाहतो, आणि पाण्याची उष्णता वारा घेऊन जातो. 1901 सालच्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख या अभियंत्याने मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला होता. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. इतक्या कशासाठी? तर वाऱ्याला धातूचा स्पर्श जितक्या अधिक जागी होईल, तितकी उष्णता अधिक वेगाने निघून जाईल. बशीत ओतलेला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर निवतो, हे तुम्ही घरी पाहतच असता.

रेडिएटरच्या साहाय्यास आणखी चार मंडळी आहेत. पाणी फिरते ठेवणारा पंप; गाडी उभी असतानाही वारा ओढणारा पंखा; या दोघांना इंजिनाच्या जोरावर फिरविणारा रबरी पट्टा; आणि थर्मोस्टॅट नावाची एक झडप. ही झडप मोठी शहाणी आहे. तिच्या पोटात मेणाची एक गोळी असते. इंजिन थंड असेपर्यंत मेण घट्ट असते व झडप मिटलेली असते. त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते आणि इंजिन लवकर उबदार होते. पाणी ऐंशी अंशांच्या पुढेमागे तापले, की मेण वितळून फुगते, झडप उघडते, आणि पाणी रेडिएटरकडे धाव घेते. इंजिनाला फार उष्णता मानवत नाही, तसा गारठाही मानवत नाही. थंड इंजिन डिझेल अधिक खाते आणि लवकर झिजते.

ज्या वाहनांविषयी आपण बोलत आहोत, ती जुन्या घडणीची आहेत. पुण्याच्या बजाज टेंपो या कारखान्याची मॅटाडोर एके काळी इतकी सर्वत्र दिसे, की पुष्कळ लोक कोणत्याही टेंपोला मॅटाडोरच म्हणत. त्या कारखान्याने 2005 साली फोर्स मोटर्स हे नाव घेतले, आणि मॅटाडोर निघणे तर त्याआधीच थांबले होते. 1986 साली आलेला टाटांचा 407 हाही असाच राबणारा गडी. नव्या गाड्यांत इंजिन तापू लागले, की यंत्रच चालकाला इशारा देते, कधी जोर आपोआप कमी करते. जुन्या गाडीत तपमान दाखविणारी एक सुई असते, आणि बाकी सारे चालकाच्या डोळ्यांवर, कानांवर व नाकावर सोपविलेले असते. म्हणूनच परीक्षा शिकायला जुनी गाडी चांगली.

चांगला मिस्त्री गाडीला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारतो. असे समजा, की एक वयस्क चालक गाडी घेऊन आला आहे.

"मिस्त्री, गाडी फार गरम होते हो. पाणी ओतून ओतून कंटाळलो."

"कुठे गरम होते, काका? गर्दीत की घाटात?"

"ते कशाला पाहिजे? गरम होते एवढे खरे."

"तेच तर पाहिजे. आधी ते सांगा, मग झाकण उघडतो."

हा प्रश्न उगाच विचारलेला नाही. निम्मे निदान त्यातच आहे. वसईहून मुंबईकडे जाताना अहमदाबाद महामार्गावर वसईच्या खाडीवरचा पूल लागतो. त्याला लोक वर्सोव्याचा पूल म्हणतात. जुन्या पुलाच्या दुरुस्तीच्या काळात तेथे वाहनांच्या लांबच लांब रांगा लागत. 2023 साली शेजारी नवा पूल खुला झाला. अशा रांगेत गाडी उभी असताना समोरून वारा येत नाही. सारी भिस्त पंख्यावर असते. आता डिझेल इंजिनाचा एक विशेष असा, की उभ्या गाडीत ते फारच थोडे डिझेल जाळते, म्हणून उष्णताही थोडीच निपजते. धड असलेला पंखा तेवढी उष्णता सहज घालवतो. तेव्हा एखादे जुने डिझेल इंजिन रांगेत तापते आणि मोकळा रस्ता मिळताच निवते, असे असेल, तर संशय पंख्यावर आणि त्याच्या पट्ट्यावर घ्यावा. पट्टा सैल होऊन घसरत असेल, पंख्याचे पाते मोडले असेल, किंवा पंख्याभोवतीचे पत्र्याचे आवरण कोणी काढून फेकले असेल. हे आवरण निरुपयोगी दिसते. पण ते नसले, तर पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळीत बसतो.

आता उलट प्रसंग घ्या. तोच टेंपो अर्नाळ्याची सुकी मासळी भरून चिंचोटी, कामण, भिवंडी या मार्गाने नाशिककडे निघाला आहे. शहापूरपर्यंत सुई जागची हलत नाही. कसारा मागे पडून थळघाटाची चढण लागली, की ती हळूहळू चढू लागते, आणि इगतपुरीच्या अलीकडे गाडी थांबवावी लागते. येथे पंखा फिरत आहे, पट्टाही घट्ट आहे. मग काय झाले? इंजिनाने पूर्ण जोर लावला, उष्णता कमाल झाली, आणि तेवढी उष्णता बाहेर टाकण्याची रेडिएटरची ताकद उरलेली नाही. सपाटीवर कामाचा भार अर्धा होता, तेव्हा अर्धा चोंदलेला रेडिएटरही पुरून गेला. घाटात तो उघडा पडला.

रेडिएटर दोन बाजूंनी चोंदतो. एक वाऱ्याची बाजू. भाताचे तूस, गवताच्या काड्या, पाखरे, रस्त्यावरची धूळ आणि पावसाळ्यातील चिखल पातळ पत्र्यांमध्ये जाऊन बसतो. ही बाजू डोळ्यांना दिसते. इंजिन थंड असताना आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूस हलक्या धारेने पाणी मारले, की मळ आल्या वाटेने निघून जातो. पुढून जोराची धार मारणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हातून मळ अधिकच आत ढकलला जातो आणि नाजूक पत्रे वाकतात, ते निराळेच.

दुसरी बाजू पाण्याची, आणि ती दिसत नाही. येथे वसईच्या विहिरींची गोष्ट पुन्हा निघते. समुद्रकाठच्या पुष्कळ विहिरींच्या पाण्यात क्षार अधिक असतात, आणि काही विहिरींत तर समुद्राचे खारे पाणी झिरपू लागले आहे. तुमच्या घरी असे पाणी तापविण्याच्या भांड्याला आतून पांढरा, खरखरीत थर चढलेला तुम्ही पाहिला असेल. चालक वाटेतल्या विहिरीचे पाणी डब्याने आणून रेडिएटरमध्ये ओततो. पाणी तापते, थोडे वाफ होऊन उडते, क्षार मागे राहतात. पुन्हा डबा, पुन्हा क्षार. असे वर्षभर चालले, म्हणजे नळ्यांच्या आत तोच पांढरा थर बसतो. तांब्यातून उष्णता जितक्या सहज वाहते, त्याच्या शेकडो पटींनी कमी ती या थरातून वाहते. थर कागदाइतका पातळ असला, तरी तो पांघरुणासारखे काम करतो. शिवाय खारे पाणी लोखंडाला गंज चढविते, तो गंज सुटून वाहत येतो आणि उरलेल्या वाटाही बुजवितो. थोडक्यात, गाडी तापते म्हणून चालक पाणी ओततो, आणि ते पाणीच गाडी तापण्याचे कारण होऊन बसते. माझ्या मते जुन्या गाड्यांच्या तापाचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. कारण ते एका दिवसात घडत नाही आणि कोणाच्याही डोळ्यांदेखत घडत नाही.

हे ओळखावे कसे? रेडिएटरमध्ये पाणी सर्वत्र सारखे वाहत असेल, तर त्याची उष्णता वरून खाली क्रमाक्रमाने कमी होत जाते. मध्येच एखादा पट्टा थंड लागला, तर तेथील नळ्या बुजल्या आहेत असे समजावे. मिस्त्री हे काम गाडी बंद करून, पंखा पूर्ण थांबल्यावर करतो. आता दुरून तपमान मोजणारी लहान यंत्रेही मिळतात, त्यामुळे हात भाजण्याचे कारण उरलेले नाही.

घाटात आणि गर्दीत, दोन्हीकडे गाडी तापत असेल, किंवा सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापत असेल, तर शोध निराळ्या दिशेने घ्यावा लागतो. प्रथम पाणी आहे की नाही, हे पाहायचे. हे फार साधे वाटेल; परंतु पुष्कळदा दोष इतकाच असतो. पाणी कमी असेल, तर ते गेले कोठे? जमिनीवर थेंब दिसतात का? पंपाखाली ओल आहे का? रबरी नळीच्या टोकाशी पांढरा किंवा गंजाचा डाग आहे का? गळणारे पाणी गरम धातूवर सुकून जाते, पण डाग मागे ठेवते. चोर पळाला, तरी पाऊल उमटून राहावे, तसे ते आहे.

येथे सुईविषयी एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. तपमान मोजणारे बोंडूक पाण्यात बुडालेले असते. सारे पाणी निघून गेले, की ते उघडे पडते आणि त्याला पाण्याची उष्णता कळेनाशी होते. अशा वेळी इंजिन भाजून निघत असताना सुई मात्र खाली उतरू शकते. चढत गेलेली सुई घाटात एकाएकी खाली आली, तर अननुभवी चालक आनंदतो. जाणता चालक तत्काळ गाडी बाजूला घेतो. उलटपक्षी, सुई टोकाला पोहोचली आहे, पण ना वाफ, ना वास, ना नळ्या गरम, असेही घडते. तेव्हा सुईच बिघडलेली असण्याचा संभव असतो. म्हणून निदानाची पहिली पायरी ही, की ताप खरा आहे की तापमापक खोटा आहे, हे ठरविणे.

दोन लक्षणे एकत्र दिसली, की निदान आणखी सोपे होते. बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांत एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि वीज निर्माण करणारे यंत्र, अशा तिघांनाही फिरवितो. सुई वर चढत आहे आणि त्याच वेळी बॅटरीचा लाल दिवा लागला आहे, तर काय समजावे? दोन निराळे रोग एकाच क्षणी होण्यापेक्षा, दोघांना जोडणारे एकच कारण असण्याचा संभव अधिक. पट्टा तुटला आहे. चालकाने बोनेट उघडण्यापूर्वीच हे ओळखलेले असते. पट्टा शाबूत असला, तर तो दोन चाकांच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहतात. बोटाच्या रुंदीइतका दबला तर ठीक, त्याहून फार दबला तर सैल. अर्थात हे इंजिन बंद असतानाच करायचे.

रबरी नळ्यांचा एक गमतीदार दोष आहे. रेडिएटरच्या खालच्या अंगाने पंपाकडे जाणारी नळी जुनी होऊन मऊ पडली, तर वेगात असताना पंपाच्या ओढीने ती चपटी होते. शहाळ्याचे पाणी नळीने जोरात ओढले, की कागदाची नळी मिटते, तशीच. गाडी थांबवून पाहावे, तर नळी पुन्हा गोल! मिस्त्री उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढवून लांबून नळीकडे पाहतो, तेव्हा हे गुपित उघडकीस येते.

थर्मोस्टॅट अडकला आहे, असा संशय असेल, तर त्याची परीक्षा चुलीवर करता येते. तो इंजिनातून काढून दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात असा टांगतात, की तळाला टेकू नये. शेजारी तापमापक धरून पाणी तापवीत जातात. झडपेवर जो अंक कोरलेला असतो, त्याच्या आसपास ती उघडू लागली पाहिजे. पाणी उकळले तरी ती मिटलेलीच राहिली, तर अपराधी सापडला. हा प्रयोग घरातील मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली तुम्हालाही पाहता येईल. फार मजा वाटते.

आपल्याकडे मात्र एक वाईट रिवाज पडला आहे. गाडी तापली, की कित्येक गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून फेकून देतात आणि "आता गाडी थंड राहील" असे सांगतात. काही दिवस तसे वाटतेही. पण मग इंजिन सकाळी लवकर उबदार होत नाही, डिझेल अधिक लागते, आणि मूळचा दोष, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, तसाच राहतो. काही इंजिनांत तर ही झडप एक वाट उघडताना दुसरी आडवाट बंद करीत असते. ती काढली, की पुष्कळसे पाणी आडवाटेने परत इंजिनातच जाते, रेडिएटरकडे कमी जाते, आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. शहाणा पहारेकरी काढून टाकल्याचे हे फळ.

सर्वांत गंभीर रोग अजून राहिला. सिलिंडरांचा खालचा भाग आणि त्यांवरचे झाकण, ज्याला हेड म्हणतात, यांच्यामध्ये गॅस्केट नावाचा एक पातळ पत्रा घट्ट बसविलेला असतो. त्याच्या एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसरीकडे तेल. इंजिन फार तापले, तर हेड किंचित वाकते आणि गॅस्केट फाटते. मग आगीचा वायू पाण्यात शिरतो, पाण्याला बाहेर ढकलतो, इंजिन आणखी तापते, हेड आणखी वाकते. येथे ताप हा रोगाचे लक्षणही असतो आणि रोगाचे कारणही. याची चिन्हे स्पष्ट आहेत. सकाळी थंड इंजिनाचे झाकण उघडून मग ते सुरू केले, तर रेडिएटरच्या पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहतात. बाहेर कोठेही गळती नसता पाणी कमी होते. धुराड्यातून पांढरी वाफ निघते, आणि ती इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही. तेलात पाणी मिसळले, तर तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागते. हे दिसले, की गाडी पुढे हाकू नये. येथवर सांगितलेले दोष एखाद्या दिवसाच्या कमाईत निभावतात. हेड मात्र इंजिन उघडल्यावाचून दुरुस्त होत नाही, आणि इंजिन जाम झाले, तर लहान शेतकऱ्याच्या अख्ख्या हंगामाची मिळकत त्यात जाते. पट्टा वेळीच बदलला असता, तर हे टळले असते, असे पुष्कळदा मागाहून कळते.

क्वचित दोष पाण्याच्या वाटेवर नसतोच. डिझेलचा फवारा योग्य क्षणाच्या मागून पडत असेल, ब्रेक चाकाला घासत राहत असेल, किंवा टेंपोत दुप्पट माल कोंबला असेल, तरीही इंजिन तापते. शेवटच्या कारणावर मिस्त्रीजवळ औषध नाही.

वाटेत गाडी तापलीच, तर काय करावे आणि विशेषतः काय करू नये, हे वाहनात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवे. रेडिएटरचे झाकण कधीही लगेच उघडू नये. हे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखे दाब धरून ठेवते. दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही; साधारण एका वातावरणाचा जास्त दाब असला, तर ते एकशे वीस अंशांपर्यंत पाणीच राहते. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, आणि आतले पाणी क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर उसळते. दरवर्षी कितीतरी माणसे अशी भाजतात, आणि त्यांत घाईने मदतीला धावलेली मुलेही असतात. अर्धा-पाऊण तास थांबावे. झाकणावर ओला जाड कपडा ठेवून, तोंड दूर ठेवून ते मोठ्या माणसानेच आधी थोडेसे फिरवावे, आणि सुसकारा पूर्ण थांबल्यावरच काढावे. तसेच लाल झालेल्या इंजिनावर थंड पाण्याची बादली ओतू नये. गरम काचेच्या पेल्यावर थंड पाणी पडले, की तो तडकतो. इंजिनाचे बिडाचे हेडही तसेच तडकते.

उपचार झाला, की रेडिएटर धुऊन त्यात कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी यांचे मिश्रण भरतात. कूलंट गंज थांबविते आणि पाण्याची उकळण्याची मर्यादा वाढविते. बहुतेक कूलंट चवीला गोडसर पण विषारी असते. कुत्र्यामांजरांना त्याचा मोह पडतो. म्हणून जुने कूलंट गटारात किंवा बावखलाच्या काठी न ओतता डब्यात साठवून, घातक कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावे लागते. बाटलीही लहान मुलांच्या हाती लागणार नाही, अशा उंचीवर ठेवतात.

आणि मग राहते ती चाचणी. पुष्कळ मिस्त्री रिकामी गाडी गावातून एक फेरी मारून आणतात आणि "झाले" म्हणतात. पण रिकामा टेंपो सपाट रस्त्यावर आजारी असतानाही तापत नव्हताच! तेव्हा जी गाडी घाटात तापत होती, ती माल भरून घाटातच नेली पाहिजे, आणि जी रांगेत तापत होती, ती पंधरा-वीस मिनिटे जागच्या जागी चालू ठेवून पाहिली पाहिजे. ज्या ठिकाणी ताप चढत होता, त्याच ठिकाणी सुई मध्यावर स्थिर राहिली, तरच दोष गेला असे मिस्त्रीने चालकाला सांगावे.